मेकेत्रेचे कोठार आणि दादीचे बळद

मागच्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांना मी एक काम दिले होते. शेतावरच्या वस्तीची प्रतिकृती करायची : घर, गोठा, धान्य ठेवायची जागा, खळे, विहीर. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी तिथे उर्दू आणि मराठी शिकवतो, आणि शिक्षक कमी असल्यामुळे इतिहासही माझ्याच गळ्यात आहे. मुले मोहल्ल्यात राहत असली तरी निम्म्याहून जास्त घरांची मुळे आजूबाजूच्या खेड्यांत आहेत. कुणाचे दादा कोरडवाहू शेती करायचे, कुणाचे नाना बैलबाजारात दलाली. त्यामुळे हा विषय सोपा जाईल, असे मला वाटले होते.

आठ दिवसांनी मुले थर्मोकोल घेऊन आली. लाल कौलांचे उतरते छप्पर, वर धुराडे, पांढरे लाकडी कुंपण, हिरव्या कागदाची हिरवळ आणि तिच्यावर प्लास्टिकची काळी-पांढरी गाय. मी विचारले, "हे कुणाचे शेत आहे?" एक मुलगा म्हणाला, "सर, शेत असेच असते ना?" मी म्हटले, "तुझ्या दादांच्या गोठ्याला धुराडे होते का?" सगळा वर्ग हसला, तोही हसला.

चूक मुलांची नव्हती. इंग्रजीच्या पुस्तकात, कार्टूनमध्ये, खेळण्यांच्या दुकानात शेत म्हणून हेच चित्र दिसते. ते चित्र इंग्लंडच्या शेताचे आहे. तिथली ब्रिटन्स ही कंपनी शिशाचे पोकळ सैनिक बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, लोक युद्धाला विटले होते. तेव्हा या कंपनीने शेताचे संच काढले : शेतकरी, गायी, कोंबड्या, कुंपण. इंग्रज मुले आपल्या आजोबांचे शेत खेळण्यात मांडत होती. आमची मुले त्यांच्याच आजोबांचे शेत मांडत होती, एवढाच काय तो फरक.

मी त्या दिवशी मुलांना रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक मोठे छापील चित्र चिकटवले आणि विचारले, "हे काय आहे, सांगा."

ते चित्र होते इजिप्तमधल्या एका लाकडी कोठाराच्या प्रतिकृतीचे, सुमारे चार हजार वर्षे जुन्या.

ही प्रतिकृती सापडली त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. नाईल नदीच्या पश्चिम काठावर, प्राचीन थीब्ज शहरासमोरच्या डोंगरात मेकेत्रे नावाच्या माणसाची कबर आहे. मेकेत्रे हा राजाचा मोठा अधिकारी, खजिनदार. इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासचा. त्याची कबर जुन्या काळीच लुटली गेली होती, आणि त्यानंतर दोन उत्खननकारांनीही ती तपासून सोडून दिली होती. १९२० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे हर्बर्ट विनलॉक तिथे काम करत होते. त्यांना कबरीचा फक्त नकाशा काढायचा होता, म्हणून मजूर आतला राडारोडा काढत होते. १७ मार्चच्या संध्याकाळी मजुरांच्या लक्षात आले की दगडाचा चुरा एका फटीत घरंगळतो आहे. विनलॉक आले, त्यांनी फटीतून बॅटरीचा झोत टाकला, आणि आत एक छोटी जगरहाटी दिसली. इवलीशी माणसे, गुरे, नावा, कोठार, गोठा. चोरांना ती खोली कधी सापडलीच नव्हती. आत सुमारे दोन डझन प्रतिकृती होत्या. त्यांची वाटणी झाली. अर्ध्या काहिराच्या संग्रहालयात राहिल्या, अर्ध्या न्यूयॉर्कला गेल्या. कोठार न्यूयॉर्कला आहे.

कोठार सुमारे ७५ सेंटीमीटर लांब आणि ५६ सेंटीमीटर रुंद आहे. लाकडाचे, वरून लिंपलेले आणि रंगवलेले. त्याच्या भिंतींचे चारही कोपरे वर टोकदार निघालेले आहेत. दक्षिण इजिप्तमध्ये असे कोपरे अलीकडेपर्यंत दिसत. चोर आणि उंदीर चढू नयेत म्हणून ते ठेवत असावेत, असे अभ्यासक सांगतात. आत दोन भाग आहेत. मागे धान्याची जागा, पुढे हिशेबाची.

मी मुलांना माणसे मोजायला सांगितली. पोती वाहणारे किती? सहा. बाकीचे? नऊ. हे नऊ जण मोजणारे, लिहिणारे आणि लक्ष ठेवणारे. लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या हातात पपायरसची गुंडाळी आहे, काहींच्या हातात लाकडी पाटी.

एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, काम करणारे सहा आणि लिहिणारे नऊ?" शिक्षक म्हणून मला हसू आवरले नाही. आमच्याही शाळेत शिकवण्यापेक्षा रकाने भरण्याचे काम जास्त असते. पण मुलीने नेमके वर्म पकडले होते. ही प्रतिकृती शेतकऱ्याने स्वतःसाठी केलेली नाही. ती जमिनीच्या मालकासाठी केली आहे. मेलेल्या मेकेत्रेला पुढच्या जगातही भाकरी, बिअर, मांस आणि कापड मिळत राहावे, ही तिच्यामागची श्रद्धा होती. आणि मालकाच्या नजरेतून पाहिले, तर कोठारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशेब.

कोठार आणि इजिप्त म्हटल्यावर मुलांनी दुसरे नाव घेतले, ते हजरत यूसुफ यांचे. सूरह यूसुफमधली गोष्ट त्यांना पाठ आहे. सात वर्षे सुगीची, सात वर्षे दुष्काळाची. पिकलेले धान्य मळू नका, कणसातच राहू द्या, हा सल्ला. मग यूसुफ यांनी राज्याच्या भांडारांची जबाबदारी मागून घेणे. मी मुलांना सांगितले की मध्ययुगात युरोपातल्या कित्येकांना पिरॅमिड म्हणजेच यूसुफ यांची कोठारे वाटत. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये तेराव्या शतकातली रंगीत खड्यांची चित्रे आहेत, त्यांत तसेच दाखवले आहे. पिरॅमिड तर जवळजवळ भरीव दगड. त्यात किती धान्य मावणार? पण लोकांनी असा समज का करून घेतला, हे समजण्यासारखे आहे. पिरॅमिड डोळ्यांसमोर उभे होते, आणि खरी कोठारे सहसा दिसत नव्हती. ती कच्च्या विटांची होती. बहुतेक कधीच विरघळून गेली होती.

मला वाटते, प्रतिकृतींच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. राजांच्या इमारती मोठ्या आकारात टिकल्या, कारण त्या दगडाच्या होत्या. शेतकऱ्याचा गोठा, कोठार, खळे हे सगळे मातीचे, लाकडाचे, गवताचे. ते मोठ्या आकारात फारसे टिकले नाहीत. जिथे कुणीतरी त्यांची छोटी नक्कल करून जपून ठेवली, तिथे ते आज आपल्याला दिसतात.

मेकेत्रेच्या त्याच खोलीत गोठाही होता. त्याच्या एका भागात गुरे गव्हाणीतून खात आहेत, दुसऱ्या भागात माणसे त्यांना हाताने चारत आहेत. एक जनावर तर इतके माजले आहे की खाली बसले आहे. दाराशी काठी घेऊन मुकादम बसला आहे. बाग आहे, तिच्यात तांब्याचा पत्रा बसवलेले तळे आहे, म्हणजे खरे पाणी भरता यावे. गुरांची मोजदाद दाखवणारी प्रतिकृती काहिरात आहे. ती पावणेदोन मीटर लांब आहे. ओट्यावर मालक आणि त्याचे कारकून बसले आहेत, समोरून गुराखी एकेक जनावर हाकत नेत आहेत. तिथेही मोजणीच.

मग गरिबांचे काय? त्यांचेही थोडे शिल्लक आहे. १९०६-०७ च्या सुमारास फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधल्या रिफेह या गावी साध्या कबरींवर ठेवलेली भाजक्या मातीची घरे सापडली, दीडशेच्या आसपास. त्यांनी त्यांना 'आत्म्याची घरे' असे नाव दिले. ज्यांना लाकडी प्रतिकृती परवडत नव्हती, त्यांनी कुंभाराकडून मातीचे ताट करून घेतले. ताटातच अंगण, अंगणामागे ओसरी, माडीवर जायचा जिना, आणि अंगणात भाकरी, मांसाचे तुकडे असे अन्न. कारकून नाहीत. मोजण्याएवढे काही नसावे.

हीच गोष्ट हजारो मैल दूर चीनमध्येही दिसते. हान राजवटीच्या काळात, विशेषतः इसवी सन २५ ते २२० च्या दरम्यान, मृतांबरोबर मातीच्या प्रतिकृती पुरण्याची पद्धत खूप फोफावली. त्यांच्यावर बऱ्याचदा हिरवी चकाकी असे. त्यांत धान्याची कोठारे आहेत, विहिरी आहेत, जाती आहेत, पहाऱ्याचे मनोरे आहेत, आणि डुकरांचे वाडेही आहेत. काही वाड्यांवर तर शौचकूप बांधलेला आहे, म्हणजे सगळे खत एकाच ठिकाणी जमावे. मुलांनी नाके मुरडली. मी सांगितले, आपल्याला ते चालत नसले तरी चिनी शेतकऱ्याचे ते शहाणपण होते. त्यांच्या लिपीत 'घर' या शब्दाचे चिन्हसुद्धा छपराखाली डुक्कर असे आहे. त्या वाड्यांचे लाकूड आणि माती आज फारशी उरलेली नाही. वाडे कसे होते हे कळते, ते मुख्यतः या वीतभर भांड्यांमुळे.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "सर, आपल्याकडे असे काही सापडले का?"

आमचा भाग प्रवरेच्या खोऱ्यातला. याच नदीच्या काठावर दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जोडलेला रथ, त्यात उभा माणूस. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या त्या असाव्यात असे बरेच अभ्यासक मानतात. बैलांची जोडी इतकी जिवंत आहे की आजचा शेतकरीही थबकून पाहील. पण बैल सापडले, त्यांचा गोठा नाही. आपल्याकडे इमारतीची प्रतिकृती करून पुरण्याची तशी पद्धत दिसत नाही.

म्हणून आपल्या संशोधकांना उलट्या बाजूने जावे लागले. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ पासून पुढे जवळपास दीड दशक पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. तिघांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्सारींचे नाव मी मुलांना मुद्दाम फळ्यावर लिहून दाखवले. नेवाशाच्या १९५४ ते ५६ च्या उत्खननातही ते सांकलियांबरोबर होते. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांची घरे ज्यांनी जमिनीतून बाहेर काढली त्यांत एक अन्सारी आहेत, हे आमच्या मुलांना माहीत असायला हवे.

त्यांना काय मिळाले? पूर्ण उंचीच्या भिंती नाहीत, छपरे नाहीत. मिळाल्या त्या चोपलेल्या जमिनी, चुली, खांबांच्या खड्ड्यांचे गोल डाग, कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे, आणि धान्याची पेवे. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात तिथे चौकोनी घरे होती, नंतरच्या काळात पुष्कळशी गोल झोपड्या. एक घर पाच खोल्यांचे होते. ते गावच्या प्रमुखाचे असावे असे संशोधक मानतात, कारण धान्याचे मोठे कोठार त्याला लागूनच होते. म्हणजे इथेही तोच प्रश्न. धान्य कुणाच्या दारात साठते?

मुलांना मी सांगितले, "इनामगावची पूर्ण भिंत कुणी पाहिलेली नाही. पण तुमच्या दादीने पाहिलेली भिंत अजून उभी आहे. ती मोजून या."

खरे म्हणजे हे मी स्वतःलाच सांगत होतो. गावी आमचे धाब्याचे घर होते. दादी चुलत भावाकडे त्याच घरात राहायची. भावाला घरकुल मंजूर झाले होते, आणि उन्हाळ्यात जुने घर पाडायचे ठरले होते. मला मनातून वाईट वाटत होते, पण मी बोललो नाही. दर पावसाळ्यात धाब्यावर चढून माती दाबायचे काम भाऊ करत होता, मी नाही. गळक्या घरात रात्र काढणाऱ्याला वारशाच्या गोष्टी सांगायला मला तोंड नव्हते.

एका रविवारी पाच मुले घेऊन मी गावी गेलो. टेप, वही, पेन्सिल. दादी नव्वदीच्या घरातली. तिने आधी सगळ्यांना चहा पाजला, मग विचारले, "घर पाडने के वक्त नाप कायकू लेरे?" मी म्हटले, "दादी, छोटा घर बनाने का है, असाच." तिला गंमत वाटली. मग ती काठी टेकत पुढे आणि आम्ही मागे.

बळद कशाला म्हणतात हे पाचपैकी एकाही मुलाला माहीत नव्हते. आतल्या खोलीत भिंतीला जोडून मातीची बंदिस्त कोठी होती, माणसाच्या उंचीची. वरून धान्य ओतायचे, तोंड लिंपून टाकायचे. खाली एक भोक, त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की हवी तेवढी ज्वारी खाली यायची. दादी म्हणाली, बोळा काढायचा हक्क फक्त तिच्या सासूला होता. कणगी वेगळी. ती विणलेली, शेणाने सारवलेली, आणि ओट्यावर ठेवलेली, म्हणजे जमिनीची ओल लागू नये. तो गोल ओटा पाहून मला इनामगावचे ओटे आठवले. अंगणातल्या जुन्या पेवाची जागाही तिने काठीने दाखवली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी दोरीने पेटता दिवा सोडायचा. दिवा विझला तर थांबायचे. धान्याच्या श्वासाने आतली हवा विषारी झालेली असते. हे शास्त्र तिने कुठल्या शाळेत शिकले नव्हते.

खळ्याची जागा गावाबाहेर. मधोमध तिवडा, त्याभोवती बैल फिरायचे. मळणी झाली की रास पडायची, आणि रास पडली की माणसे यायची. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, आणि मुलाणी. बलुते-अलुत्यांच्या याद्या गावागावांत वेगवेगळ्या, पण मुलाण्याचे नाव त्यांत येते. मशिदीची झाडलोट, दिवाबत्ती, जनावर हलाल करणे ही त्याची कामे, आणि त्याबद्दल खळ्यावरचा वाटा. मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटले. हिंदू शेतकऱ्याच्या राशीत मुसलमानाचा ठरलेला वाटा होता, आणि आमच्या दादाच्या राशीत सुताराचा आणि कुंभाराचा. हे प्रेमाचे नाते होते असे मी म्हणणार नाही. त्यात उच्चनीच होती, मिनतवाऱ्या होत्या, कमी-जास्त माप होते. पण गावात कोण उपाशी राहील आणि कोण नाही, हे त्या गोल जागेत ठरत होते. मेकेत्रेच्या कोठाराचा पुढचा भाग म्हणजे आमचे खळेच.

१९७२ च्या दुष्काळाचे दादीने थोडक्यात सांगितले. बळदाचा बोळा काढला आणि खाली काहीच आले नाही. मग खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ला. एवढेच. मुले गप्प झाली. यूसुफ यांच्या सात वर्षांचा अर्थ मी वर्गात कधी इतका नीट समजावू शकलो नव्हतो.

आता बांधकाम. प्रमाण ठरवले वीसास एक, म्हणजे वीस फुटांचे घर एका फुटात. आधी मुलांना मेकेत्रेच्या कोठाराचे गणित घातले. त्यातली माणसे सुमारे २० सेंटीमीटर उंचीची, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण आठवा हिस्सा. त्याच हिशेबाने कोठार आठपट केले तर सहा मीटर लांब होते. राजाच्या खजिनदाराचे कोठार इतके लहान नसणार. म्हणजे कारागिराने माणसे मोठी ठेवली आणि इमारत आवळली. त्याला माणसांचे काम दाखवायचे होते. आम्हाला घर दाखवायचे होते, म्हणून आम्ही माप सोडले नाही.

पहिल्या भिंती दोन दिवसांत तडकल्या. काळ्या मातीच्या केल्या होत्या. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. जुन्या गावठाणाची माती पांढरी असते, म्हणून तर गावाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणायचे. ती आणली, चाळली, त्यात बारीक भुसा आणि थोडे शेण घालून तीन दिवस भिजत ठेवली. मग भिंती टिकल्या. धाब्याच्या छपरासाठी मुलांनी दोन तुकडे करून पाहिले, एकावर काळी माती, दुसऱ्यावर पांढरी. वाळवून वर तांब्याभर पाणी ओतले. काळ्या मातीच्या भेगांतून पाणी सरळ खाली आले. दुसऱ्याने बराच वेळ धरून ठेवले. त्या दिवशी विज्ञानाच्या तासाची वेगळी गरज पडली नाही.

छपराच्या कामट्यांसाठी मोहल्ल्यातले ताबूत करणारे चाचा मदतीला आले. मोहरमच्या आधी महिनाभर त्यांच्या हाताला उसंत नसते. बांबूची केसासारखी बारीक कामटी काढावी ती त्यांनीच. ताबुतांबद्दल समाजात मतभेद आहेत, ते मला माहीत आहेत, आणि त्या वादात मी इथे पडत नाही. पण इमारतीची छोटी प्रतिकृती कशी उभी करावी, सांगाडा आधी आणि सजावट नंतर कशी, काटकोन डोळ्याने कसा पाहावा, ही विद्या आपल्या मोहल्ल्यात पिढ्यानपिढ्या आहे, हे मुलांनी त्या निमित्ताने पाहिले. चाचांनी एकच सूचना केली : "पहले खंबे, बाद में दीवार. खंबा सीधा तो घर सीधा." खऱ्या धाब्याच्या घरातही वजन खांबांवरच असते.

बाभळीच्या काटक्यांचे खांब, तुळया, त्यावर कामट्या, त्यावर पाला, त्यावर माती. गोठ्याला पळ्हाटीचा कुड. गव्हाण, दावण, दावणीला सुतळीची दावी. साडेतीन इंचांची कणगी एका मुलीने झाडूच्या काड्यांनी विणली. चार वेळा मोडली, पाचव्या वेळी जमली. बळदाला भोक ठेवले आणि बोळाही. खळ्यावर रास केली राजगिऱ्याची, कारण ज्वारीचा दाणा त्या मापात नारळाएवढा दिसत होता. राशीभोवती कोण उभे करायचे यावर वर्गात वाद झाला. शेवटी मुलांनी सहा कष्टकरी उभे केले, बलुतेदार उभे केले, आणि दप्तर घेतलेला एकच माणूस कडेला बसवला.

प्रदर्शनात आम्हाला बक्षीस मिळाले नाही. परीक्षक म्हणाले, काम चांगले आहे, पण यात आधुनिक काही नाही, ठिबक सिंचन तरी दाखवायचे होते. त्यांचेही चूक नव्हते, विषयपत्रिकेत 'प्रगत शेती' असे लिहिले होते. मुले हिरमुसली. मी त्यांना म्हटले, "मेकेत्रेच्या सुतारालाही बक्षीस मिळाले नव्हते."

मे महिन्यात घर पडले. जेसीबीला पाऊण तास लागला. ज्या बळदात चार पिढ्यांची ज्वारी राहिली, त्याची माती भावाने ट्रॉलीत भरून शेतात टाकली. पांढरी माती खत म्हणून चांगली. इजिप्तमध्येही शेतकरी हेच करत आले. जुन्या वस्त्यांच्या कच्च्या विटा खणून शेतात टाकत. तेव्हा त्यांना दोष कसा द्यावा? माती शेतातून आली आणि शेतात गेली.

पावसाळ्याआधी स्लॅब पडला. दादी खूश होती. "अब टपकता नै," असे सांगायची. त्या पावसाळ्यात ती कोरड्या खोलीत झोपली, आणि दिवाळीनंतर अल्लाहला प्यारी झाली. त्याआधी एकदा मी ती प्रतिकृती गावी नेऊन तिला दाखवली होती. तिने वाकून बराच वेळ पाहिली. मग बोट घालून बळदाचा बोळा काढला. आत मुलांनी राजगिरा भरलेला होता. तो तिच्या तळहातावर सांडला. ती काही बोलली नाही, बोळा परत नीट बसवला.

वाचकहो, तुमच्या गावी असे एखादे घर, गोठा, कणगीचा ओटा अजून उभा असेल. ते पाडू नका असे मी सांगत नाही. ज्याला त्यात राहायचे आहे त्याने ते ठरवावे. एवढेच करा. पाडण्याआधी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा, टेप लावा, आणि ज्या माणसाला त्या घराचे शब्द माहीत आहेत त्याला बोलते करा. खांब किती, बोळा कुठे, रास पडल्यावर कोण कोण यायचे, सगळे वहीत लिहून घ्या. बांधायला माती लागते, कामट्या लागतात, आणि मोहल्ल्यात एखादे ताबूतवाले चाचा असतातच.

आमची प्रतिकृती सध्या शाळेच्या कपाटावर आहे. एका कोपऱ्याला चीर गेली आहे. यंदाच्या सातवीला मी ती दुरुस्त करायला देणार आहे.